सोळा ट्रॅकला कुठली डिस्क? आधी लाईटचं आणि केबलीचं बोलू

प्रश्न कणकवलीकडच्या एका साऊंडवाल्या तरुणाचा आहे. त्यानं नवा डिजिटल मिक्सर घेतलाय. यूएसबीवरून अठरा चॅनल लॅपटॉपला जातात, त्यातले सोळा तो वापरतो. गणपतीत डबलबारी (दोन बुवांच्या सामन्याची) भजनं आणि जत्रांच्या हंगामात दशावतार रेकॉर्ड करून देतो. लॅपटॉप जुना, आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) ५०० जीबीची हार्ड डिस्क. मागच्या हंगामात दोनदा रेकॉर्डिंग मध्येच थांबलं आणि एका रात्री सगळ्या ट्रॅकवर टकटक आली. कोणी म्हणालं ७२०० ची डिस्क घे, कोणी म्हणालं दोन डिस्क घेऊन रेड कर (दोन्ही जोडून एक म्हणून वापर), कोणी सांगितलं एनव्हीएमईशिवाय (सगळ्यात वेगवान चिपवाली डिस्क) सोळा ट्रॅक होतच नाहीत. वीस हजारांच्या आत काय घेऊ, असं तो विचारतो.

पहिलं उत्तर: या वीस हजारांतले सगळे डिस्कवर घालू नका. रोग बहुतेक दुसरीकडेच आहे.

आधी हिशेब करू, म्हणजे निम्मी भीती जाईल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ धरा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येक सॅम्पलला ३ बाइट, म्हणजे एका ट्रॅकचे सेकंदाला १४४ किलोबाइट. सोळा ट्रॅकचे झाले २.३ मेगाबाइट. तासाला साधारण ८.३ जीबी. जत्रेतलं दशावतार रात्री उशिरा उभं राहून पहाटे दहिकाल्यापर्यंत चाललं आणि तुम्ही सहा तास रेकॉर्ड केलंत, तरी पन्नास जीबी. ९६ किलोहर्ट्झला हे सगळं दुप्पट होतं. पण पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या उघड्यावरच्या रेकॉर्डिंगला ९६ घेऊन काय मिळवणार, मला आजवर कळलेलं नाही. मागे जनरेटर धडधडतोय, शेजारी खाजेवाल्याचा भोंगा. ४८ वर रहा.

आता तुमची जुनी ५४०० ची डिस्क सलग एकच मोठी फाइल लिहायला बसली तर सेकंदाला ८० ते १०० मेगाबाइट सहज लिहिते. लागतात सव्वादोन. मग अडकते का?

कारण फाइल एक नाही, सोळा आहेत. पंगतीत वाढपी एक आणि पानं सोळा, असा प्रकार. डिस्कचं हेड एकच, ते एका ट्रॅकच्या फाइलीत थोडं वाढतं, उचलतं, पुढच्या पानाकडे जातं. जाण्याचा वेळ १२ मिलिसेकंदांच्या आसपास. तिथे पोचल्यावर योग्य जागा फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं. ५४०० ला हा अर्धा फेरा ५.६ मिलिसेकंदांचा, ७२०० ला ४.२ चा. म्हणजे एका उडीला साधारण १८ मिलिसेकंद गेले, आणि ७२०० ची डिस्क आणून त्यातले वाचले सव्वा-दीड. यासाठी मी पैसे घालणार नाही.

सॉफ्टवेअर मात्र दर सॅम्पलला डिस्कचा दरवाजा वाजवत नाही. ते मेमरीत साठवतं आणि मोठा घास झाला की लिहितं. समजा घास २५६ किलोबाइटचा आहे. एका ट्रॅकला तो भरायला पावणेदोन सेकंद लागतात, म्हणजे सोळा ट्रॅकचे मिळून सेकंदाला नऊ घास. नऊ उड्या, प्रत्येकी १८ मिलिसेकंद, वर लिहिण्याचा थोडा वेळ. हजार मिलिसेकंदांतले दोनशेसुद्धा होत नाहीत. वाढपी बाकीचा वेळ हात पुसत उभा. घास ६४ किलोबाइटचा केला तर उड्या छत्तीस होतात आणि तेच काम सातशे मिलिसेकंदांपर्यंत जातं. तरीही चालतं, पण आता जागा थोडी उरली.

आणि नेमकं तेव्हाच विंडोजला अपडेट उतरवायचं सुचतं. किंवा अँटिव्हायरस तुमच्या नव्या डब्ल्यूएव्ही फाइली तपासायला बसतो. किंवा फोटोंचं सिंक सुरू होतं, कारण कोणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवलाय आणि लॅपटॉपला तो ओळखीचा आहे. सगळं एकाच डिस्कवर असल्यामुळे आपल्या वाढप्याला मध्येच आत चुलीवर बोलावतात. तो दोन सेकंद आला नाही की मेमरीतलं भांडं भरून वाहतं आणि रेकॉर्डिंग थांबतं. म्हणजे वेगाची नाही, खंड पडण्याची अडचण आहे. रेकॉर्डिंगच्या डिस्कला धावायचं नसतं, फक्त कधी थांबायचं नसतं.

ऑडिओसाठी वेगळी डिस्क ठेवा, हा जुन्या लोकांचा नियम इथूनच आला. फिरत्या डिस्कला तो आजही लागू आहे. मी २००३ च्या सुमारास सुरुवात केली तेव्हा ४० जीबीची एक डिस्क विंडोजला, दुसरी ८० ची गाण्यांना, आणि डब्याचं झाकण कायम उघडं. एसएसडी म्हणजे नुसत्या चिपांची डिस्क, तिला फिरती तबकडी आणि हेडच नाही, तिला सोळा पानं काय आणि साठ काय. त्यामुळे एसएसडीवर हा नियम मी फारसा पाळत नाही.

तेव्हा तुमच्या लॅपटॉपचं औषध सरळ आहे. आतली ५४०० ची काढा आणि तिच्या जागी २.५ इंची साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवा, ५०० जीबी किंवा १ टीबी. त्याच खाचेत बसते, त्याच स्क्रूंवर. साटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या पुढे जाते, तुम्हाला हवेत सव्वादोन. एनव्हीएमई हजारोंत जाते, पण जुन्या लॅपटॉपात तिची खाच बहुधा नसते, आणि असली तरी तो वेग तुमच्या कामाला लागत नाही. मिक्सिंगला मोठे प्रोजेक्ट उघडताना किंवा व्हिडिओ एडिट करताना फरक जाणवेल. मांडवात बसून रेकॉर्ड करताना शून्य.

स्वस्तातली एसएसडी चालेल का, हेही विचारलंय. चालेल. स्वस्त एसएसडींचा दोष असा, की सुरुवातीला त्या भराभर लिहितात आणि आतला कॅश भरला की वेग एकदम खाली येतो, कधी शंभर मेगाबाइटच्याही खाली. पण तुमचा ओघच सव्वादोनचा. कॅश भरणार कधी? लिहून लिहून झिजेल ही भीतीही सोडा. ५०० जीबीच्या एसएसडीला साधारण १५० ते ३०० टेराबाइट लेखनाची हमी असते. हंगामात चाळीस रात्री केल्यात, दर रात्री पन्नास जीबी, तर वर्षाला दोन टेराबाइट. नातवंडांना पुरेल. फक्त ती गच्च भरू देऊ नका, पाचवा हिस्सा मोकळा असू दे. आणि ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसणारी ‘२ टीबी’ची पोर्टेबल एसएसडी घेऊ नका. आत ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणि खोटं बोलणारी चिप निघते, आणि ती ६४ भरल्यावर पुढचं सगळं न सांगता गिळते. कुठलीही नवी डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड आणलं की मी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमनं शेवटच्या जीबीपर्यंत भरून परत वाचून बघतो. रात्रभर लागते, लागू दे.

रेडबद्दल एवढंच: दोन डिस्कवर वाटून लिहिणारं रेड शून्य म्हणजे दोघींतली एक गेली की दोन्ही गेल्या, आणि जो वेग मिळतो तो तुम्हाला नकोच आहे. आरसा धरणारं रेड एक बरं, पण चुकून डिलीट केलेली फाइल तिथे दोन्हीकडून एकदमच डिलीट होते. लॅपटॉपवाल्यानं रेडच्या नादी लागू नये.

आता टकटक. ही डिस्कमुळे असण्याची शक्यता कमी. डिस्क मागे पडली तर सॉफ्टवेअर बहुधा थांबतं, ओरडतं, किंवा मोठा तुकडा गायब होतो. ठरावीक काळानं येणारी बारीक टकटक असेल तर आधी बघा, मिक्सर ४४.१ वर आणि प्रोजेक्ट ४८ वर तर नाही? अनियमित असेल तर ड्रायव्हरचा बफर वाढवा. थेट रेकॉर्डिंगला तुम्ही लॅपटॉपमधून कोणाला आवाज परत देत नाही, मग बफर (आवाज लॅपटॉपला देण्याआधी साठवायची जागा) १२८ सॅम्पलवर ठेवायची घाई कशाला? ५१२ करा, १०२४ करा, २१ मिलिसेकंद उशीर झाला तर कोणाचं काय बिघडतं? वायफाय आणि ब्लूटूथ बंद. पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद, हार्ड डिस्क झोपवण्याची वेळ ‘नेव्हर’. रेकॉर्डिंगचा फोल्डर अँटिव्हायरसला वगळायला सांगा. हे झालं की घरी मिक्सर लावून सोळाही चॅनल रिकामे चार तास रेकॉर्ड करत ठेवा आणि जेवून झोपा. सकाळी चार तासांच्या सोळा फाइली सलग दिसल्या तर तुमची डिस्क पास.

दोनदा थांबलं म्हणता, तर थांबलं तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळेचा काटा कुठे होता ते बघा. जुन्या साध्या डब्ल्यूएव्ही फाइलीच्या डोक्यात तिच्या आकारासाठी ३२ बिटांचीच जागा असते, त्यामुळे ती ४ जीबीला अडते. एकेका ट्रॅकची वेगळी मोनो फाइल २४ बिट ४८ ला सव्वाआठ तास जाते, तिथे अडचण नाही. स्टिरिओ फाइल चार तास आठ मिनिटांत भरते. सोळाही चॅनल एकाच फाइलीत घेत असाल तर एकतीस मिनिटांत. रेकॉर्डिंग बरोबर अशा आकड्याला थांबलं असेल तर डिस्कला शिव्या देऊ नका, सेटिंगमध्ये आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ हे मोठ्या फाइलींचे प्रकार निवडा, नाहीतर मोनो फाइली करा. डिस्क किंवा कार्ड फॅट३२ नं फॉरमॅट केलेलं असलं तरी ४ जीबीची हीच वेस लागते. विंडोजच्या रेकॉर्डिंग डिस्कला एनटीएफएस बरं. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता येतं, पण त्याला रोजनिशी (काय लिहितोय याची नोंद, जर्नल) नसते, मध्येच वायर निघाली की कधी कधी अख्खा फोल्डर नाहीसा होतो.

आणि काटा भलत्याच आकड्यावर असेल, तर मला सांगा, त्या क्षणी लाईट गेली होती का?

आपल्याकडे रेकॉर्डिंग मरतं ते इथे. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. लाईट जाते, जनरेटर उचलेपर्यंत दहा-वीस सेकंद जातात, लॅपटॉप चालूच असतो. पण मिक्सर बंद पडला! मिक्सर गेला म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीनं साऊंड कार्डच उपटलं गेलं. लाईट येते, मिक्सर परत सुरू होतो, बुवा तिथूनच गजर उचलतात, तुम्ही स्पीकर सांभाळायला धावता आणि रेकॉर्डिंग आपोआप परत सुरू होत नाही हे तुमच्या तासाभरानं लक्षात येतं. वीस हजारांतला पहिला खर्च म्हणून मिक्सर आणि स्टेजबॉक्स (स्टेजवर माइकच्या वायरी घेणारी पेटी) यांच्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. मिक्सरच्या मागच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात, ते बघून घ्या, पण असा यूपीएस लहान मिक्सरला काही मिनिटं आरामात ओढतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला लावू नका, तो तिथेच मान टाकेल.

दुसरी जागा केबल. २०११ च्या गणपतीत मी एका वाडीत डबलबारी रेकॉर्ड करत होतो. तेव्हा माझी डिस्क बाहेरची होती, यूएसबी केबलीनं लोंबकळणारी, टेबलाच्या कडेला. बारी रंगात आलेली, समोरच्या बुवांनी कोडं घातलेलं, इकडच्या बुवांच्या उत्तराची सगळा मांडव वाट बघतोय. चहा घेऊन आलेल्या पोराचा पाय वायरीत अडकला. डिस्क पडलीसुद्धा नाही, फक्त प्लग अर्धा मिलिमीटर सरकला. स्क्रीनवर आकडा पुढे पळत होता, कारण सॉफ्टवेअर थोडा वेळ मेमरीतच भरत राहिलं, आणि मग एक चौकट आली जी मी बघितलीच नाही. पहाटे बुवा घाम पुसत आले. म्हणाले, “झाला मा रे सगळा बरोबर?” मी म्हटलं, झाला बुवा. घरी येऊन बघतो तर पहिली पन्नास मिनिटं, आणि त्यातही फाइली उघडत नव्हत्या.

फाइली परत मिळाल्या, ते कसं तेही सांगतो, तुमच्या कामाला येईल. रेकॉर्डिंग नीट बंद झालं नाही तर डब्ल्यूएव्ही फाइलीच्या डोक्यात लांबी शून्य राहते, आतला आवाज मात्र जागेवर असतो. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ करून २४ बिट साइन्ड, लिट्ल एन्डियन, एक चॅनल, ४८,००० असं सांगायचं. सुरुवातीला टप्प असा आवाज येतो, तो हेडरचा. सगळाच आवाज खरखर आला तर बाइटची सुरुवात चुकली, ऑफसेट एक-दोनानं पुढे-मागे करून बघा. पण त्या आधी त्या डिस्कवर दुसरं काहीही लिहू नका. ते पन्नास मिनिटांचं भजन मिळालं. कोड्याचं उत्तर काही मिळालं नाही. बुवांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं, ते हसले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावलं.

म्हणून रेकॉर्डिंगची डिस्क लॅपटॉपच्या आत हवी. बाहेरचीच लावावी लागली तर एसएसडी, आखूड केबल, लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोनं चिकटवलेली, आणि प्लगवर गॅफर टेप. टाइप-सीचा प्लग दिसायला छान, पण वापरून सैल झाला की वाऱ्यानंही सुटतो. मिक्सर आणि डिस्क एकाच हबवर कधीही नको. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टावर फिरती डिस्क लावली तर वीजच पुरत नाही. त्या पोर्टातून ठरलेले ५०० मिलिअँपियर मिळतात आणि फिरायला लागताना २.५ इंची डिस्क त्याहून जास्त मागते. टिक्-टिक् करत पुन्हापुन्हा सुरू होते ती यामुळेच.

फिरत्या डिस्कचा आणखी एक शत्रू आपणच बरोबर नेतो, तो सब-वूफर. २००८ साली ब्रेंडन ग्रेग नावाचा सन मायक्रोसिस्टिम्सचा अभियंता डिस्कच्या रॅकसमोर उभा राहून ओरडला आणि प्रत्येक ओरडीला डिस्कचा प्रतिसाद मंदावलेला आलेखावर दिसला, त्याचा व्हिडिओ आहे. तो नुसता माणूस होता. तुमच्याकडे अठरा इंची दोन. लॅपटॉप बेसच्या पेटीवर ठेवायची सवय असेल तर आजपासून सोडा; एसएसडीला हे काही होत नाही, पण मिक्सरच्या स्क्रूंना होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एकाच वेळी दोन ठिकाणी लिहा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये मीडियासाठी दुसरा पत्ता देता येतो आणि ट्रॅकच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये दोन्हीकडे लिही असं सांगता येतं. आतली एसएसडी पहिला पत्ता, बाहेरची छोटी एसएसडी दुसरा. ओघ दुप्पट होऊन साडेचार मेगाबाइट झाला, अजूनही काहीच नाही. याहून चांगलं म्हणजे दुसरी नोंद लॅपटॉपच्या बाहेर. बेहरिंगर एक्स३२ ला एक्स-लाइव्ह कार्ड बसवलं तर बत्तीस चॅनल थेट एसडी कार्डावर जातात, लॅपटॉप लटकला तरी ते चालूच राहतं. त्या कार्डात सीआर१२३ए बॅटरीची जागा असते, लाईट गेली तरी चालू फाइल नीट बंद व्हावी म्हणून. बॅटरी बरोबर येत नाही, म्हणून बहुतेकांच्या कार्डात ती नसतेच. तुमच्या मिक्सरला असं काही नसेल तर निदान मेन आउटपुट स्टिरिओमध्ये हातातल्या रेकॉर्डरवर घ्या. सोळा ट्रॅक गेले आणि दोन उरले तर बुवांच्या घरी तोंड दाखवता येतं.

कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायच्या आधी कॉपी सुरू करा. आमच्याकडे नियम आहे, चहा कॉपीच्या टक्क्यांवर प्यायचा. पन्नास जीबी यूएसबी ३ च्या फिरत्या डिस्कवर दहा-पंधरा मिनिटांत जातात. कॉपी करणारा प्रोग्रॅम असा हवा जो लिहून झाल्यावर परत वाचून ताळा करतो. मी टेराकॉपी वापरतो, ‘व्हेरिफाय’ची खूण लावून. ताळा जमल्याशिवाय लॅपटॉपमधलं काही पुसायचं नाही, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही. लॅपटॉप टेम्पोत, डिस्क माझ्या शबनममध्ये.

साठवणीला मात्र फिरती डिस्कच. दर टेराबाइटला स्वस्त, आणि कपाटात पडून राहायला एसएसडीपेक्षा भरवशाची. एसएसडीतला मजकूर विजेच्या कणांच्या रूपात असतो आणि वीज न लावता पडून राहिली तर तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप-उद्योगाच्या संस्थेचं मानक असं आहे, की सगळं आयुष्य वापरून झालेल्या एसएसडीनं ३० अंशांना वीज नसताना एक वर्ष मजकूर धरला पाहिजे. नवी असेल तर याहून खूप जास्त धरते. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश कुठले?

इथे एक खाच आहे. १ टीबीच्या वरच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. आत पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळच उचलावी लागते. आरामात ठेवायला ठीक, पण सतत लिहायला लागलात की ती मध्येच आवरायला बसते आणि तुमचं काम थांबवून ठेवते. अशा डिस्कवर रेकॉर्ड करू नका, साठवा. ३.५ इंची घेणार असाल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली) लिहिलंय का बघून घ्या, थोडे पैसे जास्त पडतील.

आणि खारी हवा. पावसाळ्यात आपल्याकडे चपलेला बुरशी येते, तिथे डिस्क कशी सुटेल? साध्या फिरत्या डिस्कच्या झाकणाला एक श्वासाचं भोक असतं, आत गाळणी असते, शेजारी ‘हे झाकू नका’ असं लिहिलेलं असतं. त्याच्यावर स्टिकर लावू नका. बिघाड आत कमी आणि बाहेर जास्त होतो. सर्किट बोर्ड उघडा असतो, त्याचे सोनेरी-रुपेरी ठिपके काळे पडतात, यूएसबीच्या तोंडाला हिरवट थर येतो. मालवणात समुद्राला लागून खोली असलेल्या माझ्या एका मित्राची डिस्क दिसेनाशी झाली होती, मी बोर्डाचे चार स्क्रू काढून ठिपके शाळेच्या खोडरबरानं घासले आणि ती उठली. तेवढ्यात सगळं उतरवून घेतलं. हा इलाज नव्हे, नशीब.

माझी सोय: फराळाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, तळाला सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ नको, त्याची पूड उडते. निळे मणी गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात, पण पोळीच्या तव्यावर नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. गाडीच्या एसीतून काढलेली डिस्क दमट हवेत लगेच चालू करू नका, अर्धा तास पिशवीतच राहू दे, नाहीतर आत दव धरतं. मिरग लागायच्या आधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, सगळ्या डिस्क काढून फिरवतो आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तीन आकडे बघतो: ०५ (बदललेल्या खराब जागा), सी५ (संशयित जागा) आणि सी७ (जोडणीतल्या चुका). पहिले दोन शून्यावरून हलले की त्या डिस्कवरचं त्याच दिवशी दुसरीकडे हलवायचं. सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा बरी असते, तिच्या जोडणीत खोट असते.

प्रती दोन, आणि दोन वेगळ्या गावांत. एकाच घरातल्या दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दुकानांच्या माळ्यांवरचंही भिजलं. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीसुद्धा पुस्तकं गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडची घरंच्या घरं उघडी पडली. माझी दुसरी प्रत बहिणीकडे कोल्हापुरात असते. घाट चढून गेलेल्या डिस्कला बुरशी येत नाही हा वरचा फायदा. क्लाउडवर टाकायचं तर मिक्स झालेली स्टिरिओ फाइल टाका. पन्नास जीबी आपल्या गावच्या नेटवरून चढवायला बसलात तर पुढची जत्रा येईल.

जुन्या रात्री साठवताना डब्ल्यूएव्हीच्या फ्लॅक करून ठेवा. आवाजात एक बिट कमी होत नाही आणि जागा बरीच वाचते, झांजेचा ट्रॅक अर्धा वेळ गप्प असतो तो तर पारच आवळतो. दुसरं म्हणजे फ्लॅकच्या डोक्यात मूळ आवाजाचा एमडी५ ताळा लिहिलेला असतो. पाच वर्षांनी फाइल धड आहे का हे ऐकत बसावं लागत नाही, चाचणी लावली की कळतं.

तर खरेदी अशी करा. लॅपटॉपमध्ये साटा एसएसडी. मिक्सरला यूपीएस. दुसऱ्या पत्त्यासाठी लहान बाहेरची एसएसडी, हे आता नाही जमलं तर पुढच्या हंगामात, तोवर हातातला स्टिरिओ रेकॉर्डर. उरलेल्यात साठवणीच्या दोन फिरत्या डिस्क, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगळ्या वेळी घेतलेल्या, म्हणजे एकाच लॉटचा दोष दोघींत येणार नाही. आजचे भाव मी लिहीत नाही, दर महिन्याला हलतात. दोन ठिकाणी विचारून घ्या. बसलं नाही तर डिस्क लहान घ्या, यूपीएस गाळू नका.

काढलेली ५४०० ची डिस्क टाकू नका. यूएसबीचं केसिंग घालून ती सकाळच्या चहाच्या कॉपीला वापरा, तेवढं काम ती अजून दोन-तीन हंगाम करील. आधी सी५ बघा.